कॅमेऱ्यावरचा स्टिकर

मुलांनो, तुमचे आईबाबा कुठे कामाला जातात?

आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, की वर्ग नुसता गजबजून जातो. आमची शाळा चाकणच्या एमआयडीसीजवळ आहे. त्यामुळे उत्तरंही तशीच येतात. "बाई, माझे पप्पा गाडीचे दरवाजे बनवतात." "माझी मम्मी वायरिंगला आहे." "माझे पप्पा ट्रेलर चालवतात, पार चेन्नईपर्यंत जातात!" कुणाचे वडील भोसरीला, कुणाची आई तळवड्याला. कुणाचं मूळ गाव बीडकडचं, कुणाचं लातूरकडचं, कुणाचं थेट बिहारमधलं. पण सगळ्यांच्या चुली पेटतात त्या या पट्ट्यातल्या कारखान्यांवर.

त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, माझ्या पप्पांच्या मोबाईलला रोज गेटवर स्टिकर लावतात."

"कुठे लावतात?"

"कॅमेऱ्यावर. आतला फोटो कुणी काढू नये म्हणून. सुटी झाली की वॉचमन परत बघतो, स्टिकर फाटलाय का ते."

"आतला फोटो काढला तर काय होईल?"

"दुसऱ्या कंपनीला कळेल ना बाई, आत काय चाललंय ते!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना तो स्टिकर काही डोक्यातून जाईना. कारण त्यामुळे मला माझीच एक चूक आठवली. ती आज तुम्हाला सांगणार आहे. बाईंनी आपली चूक सांगायची नसते असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. २६ जानेवारीला माझ्या वर्गाने लेझीम केलं. काय सुरेख केलं म्हणून सांगू! मी मोबाईलवर भराभर फोटो काढले आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. नुसते टाकले नाहीत. हौसेने खाली मुलांची पूर्ण नावं लिहिली, इयत्ता लिहिली, शाळेचं नाव आणि गावही लिहिलं. पालक खूश झाले. अंगठे आले, फुलं आली. कुणी तो फोटो गावाकडच्या ग्रुपवर पाठवला. तिथून तो आणखी कुठल्या ग्रुपवर गेला. मला वाटलं, चला, शाळेचं नाव झालं!

चौथ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी एका मुलीची आई फाटकाशी उभी दिसली. कंपनीचा निळा ॲप्रन अंगात तसाच होता. म्हणजे पाळी संपवून ती थेट इकडेच आली होती.

"बाई, तो फोटो काढून टाकता का?"

"का हो ताई? छान आलीय की तुमची लेक."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "आम्ही इथं राहतो हे काही माणसांना कळू द्यायचं नव्हतं बाई. आता कळलंय. काल फोन आला होता."

मी जास्त काही विचारलं नाही. मुलांनो, काही घरांत अशी कारणं असतात. ती दुसऱ्याने खोदून विचारायची नसतात. मी लगेच मोबाईल काढला आणि फोटो पुसायला गेले. तर काय! सगळ्यांच्या मोबाईलमधून पुसायची मुदत दोन-अडीच दिवसांचीच असते. ती केव्हाच उलटून गेली होती. आता फोटो फक्त माझ्या मोबाईलमधून जात होता. मग एकेका पालकाला फोन करून विनंती केली. बऱ्याच जणांनी पुसला. पण गावाकडच्या ग्रुपवरून पुढे गेलेला फोटो कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये आहे, हे कोण सांगणार?

आठवडाभर ती मुलगी शाळेत आली नाही. त्यानंतर तिची आई आली ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला. माझ्यावर रागावली नाही. "तुम्ही मुद्दाम नाही केलं बाई," एवढंच म्हणाली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी त्या मुलीचं नाव या लेखात लिहिलेलं नाही. खोटं नावसुद्धा दिलं नाही. का ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता त्या स्टिकरकडे परत येऊ. कंपनीला आपल्या गुपिताची किंमत कळते. म्हणून ती गेटवर माणूस बसवते, येणाऱ्याचं नाव वहीत लिहून घेते, कॅमेऱ्यावर स्टिकर लावते. आणि आपण? आपला वाढदिवस, आपलं घर, आपली शाळा, आपला चेहरा, आपण रात्री किती वाजता जागे असतो, काय पाहून हसतो, हे सगळं गेट उघडं टाकून देऊन टाकतो.

"पण बाई, आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" असं तुम्ही म्हणाल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण मला सांगा, आपण घराला दार का लावतो? आत चोरी करतो म्हणून? नाही ना! दार कुणाला उघडायचं हे आपल्या हातात असावं, म्हणून लावतो. खाजगीपणा म्हणजे तेच दार.

आता जरा त्या मोबाईलमधल्या कारखान्यात डोकावू. कारखानाच म्हणते मी. चाकणच्या कारखान्यात पोलादाचे पत्रे येतात आणि गाडी बाहेर पडते. मोबाईलमधल्या कारखान्याचा कच्चा माल म्हणजे तुमची आमची माहिती. ‘फुकट’ म्हणून आपण जी ॲप घेतो, ती बनवायला हजारो माणसं राबतात. त्यांना पगार कुठून मिळतो? मुख्यतः जाहिरातींतून. गूगल आणि यूट्यूब ज्या अल्फाबेट कंपनीची आहेत, तिचं २०२४ सालचं सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न जाहिरातींचं होतं. कुणाला काय आवडतं हे जितकं नेमकं माहीत, तितकी जाहिरात नेमकी आणि तितका तिचा भाव जास्त. म्हणून तुम्ही सायकलचा एक व्हिडिओ पाहिलात, की मागोमाग सायकलींची रांग लागते.

हे मोठ्यांच्या बाबतीत चालतं, तसं मुलांच्या बाबतीतही चाललं. आईवडिलांना न विचारता मुलांची माहिती गोळा केली, या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. तिथे १९९८ सालापासून कायदाच आहे, की १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची परवानगी हवी. तुमच्यापैकी कितीतरी जण खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकतात ना? १३ वर्षांची ती अट मूळ या कायद्यातून आली. (हसू नका, मला सगळं माहीत आहे!)

आणि आता तर गाड्यासुद्धा बोलायला लागल्या आहेत. नव्या गाडीत इंटरनेट असतं. ती कुठे उभी होती, केव्हा निघाली, हे ती कंपनीला कळवत राहते. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत एक गोष्ट उघडकीला आली. फोक्सवागन समूहाच्या सुमारे ८ लाख विजेवरच्या गाड्यांची माहिती नीट कुलूप न लावता इंटरनेटवरच्या साठ्यात पडून होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्या कुठे कुठे उभ्या होत्या, तेही त्यातून कळत होतं. म्हणजे कोण कुठल्या दवाखान्यात गेलं, कुणाचं घर कुठलं, सगळं! तिथल्या संगणक जाणकारांच्या एका संघटनेने हे कंपनीच्या लक्षात आणून दिलं आणि मग ते दार बंद झालं. या समूहाचा कारखाना चाकणला २००९ पासून आहे. त्या गाड्या मात्र इथे बनलेल्या नव्हत्या. पण आपल्या पट्ट्यातही गाड्या बनतात, म्हणून ही बातमी मी वर्गात मुद्दाम सांगितली. कॅमेऱ्यावर स्टिकर लावण्यात गाडीच्या कंपन्यांइतकं हुशार कुणी नसेल. तरीही दुसऱ्याचं गुपित सांभाळताना अशा मोठ्या कंपनीकडूनही हयगय होते.

मग करायचं काय? मोबाईल विहिरीत टाकायचा? मुळीच नाही. करोनाच्या वेळी याच मोबाईलवर शाळा चालली. गावाकडची आजी याच मोबाईलवर दिसते. मी मोबाईलच्या विरुद्ध नाही. माझं म्हणणं एवढंच, की यंत्र आलं की त्याच्यामागून नियमही आला पाहिजे.

या बाबतीत आपल्या पट्ट्यातल्या लोकांना शिकवायला नको. तुमच्या घरात कुणी प्रेस शॉपला असेल तर विचारा. पॉवर प्रेस नावाचं यंत्र असतं. वरून वजनदार ठोकळा दाणकन खाली येतो आणि पत्रा दाबून त्याला आकार देतो. हात मध्ये राहिला तर बोटं गेलीच. म्हणून चांगल्या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली, तरच ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले, की मध्ये राहणार कसे? किती साधी युक्ती, पण किती बोटं वाचतात!

ही काळजी मालकांना आपोआप सुचली नाही. १९४८ साली आपल्या देशात कारखान्यांचा कायदा झाला. यंत्राच्या धोक्याच्या भागाला कठडा हवा, १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हाही कुणी म्हटलं असेल, "एवढे नियम केले तर कारखाने चालायचे कसे?" चालले ना! पिंपरीपासून चाकणपर्यंत नुसती रांग लागली. पुढे कायद्याची नावं बदलली, पण यंत्राला कठडा हवा ही गोष्ट बदलली नाही.

माहितीच्या कारखान्यालाही कठडा हवा की नको? आपल्या देशात ही गोष्ट आधी न्यायालयात गेली. के. एस. पुट्टस्वामी नावाचे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. आधारच्या प्रश्नावर त्यांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. वाद असा निघाला, की खाजगीपणा हा भारतीयांचा मूलभूत हक्क आहे का? २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, आहे!

त्या निकालातला एक मोठा भाग न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. चंद्रचूडांचं मूळ गाव माहीत आहे का? कनेरसर. आपल्या खेड तालुक्यातलं, यमाईच्या देवळाचं कनेरसर! आणखी एक गंमत सांगते. १९७६ साली, आणीबाणीत, एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की आणीबाणी चालू असताना अटकेतल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. तो निकाल देणाऱ्यांत यशवंत चंद्रचूड होते, धनंजय चंद्रचूडांचे वडील. ४१ वर्षांनी मुलाने आपल्या निकालात लिहिलं, की तो निकाल चुकीचा होता. मोठ्यांचंही चुकू शकतं आणि ते आदराने सांगता येतं, हे मला त्यातून फार आवडलं.

त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. ते जाहीर करताना कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीची परवानगी हवी. मुलांच्या मागे मागे फिरून ती काय पाहतात याची नोंद ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मुलांबाबतचे हे नियम मोडले तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पाहा, आली ना दोन बटणांची युक्ती! एक बटण मुलाचं, एक पालकांचं. दोन्ही दाबली तरच यंत्र चालणार.

पालकहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. काही प्रेस शॉपमध्ये काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. माल लवकर निघावा म्हणून एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवतात. मग एका हाताने काम भरभर होतं आणि एक दिवस बोट जातं. "घे बाई मोबाईल, टाक कुठलं पण साल, पण मला जरा जेवू दे," असं आपण म्हणतो, तेव्हा आपणही आपलं बटण पट्टीने दाबूनच ठेवतो. बारा तासांची ड्युटी करून आलेल्या माणसाला मी हे सांगते आहे, त्यात काही सोपं नाही हे मला कळतं. पण सांगायला हवं.

सरकारबद्दलही माझं एक मत आहे. नियम करणारं सरकार स्वतःही माहिती घेतं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आज शाळेत आम्ही शिक्षक मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक पोर्टलवर भरतो. ‘अपार’ क्रमांकासाठी पालकांचं संमतीपत्र घेतो. त्याचे फायदे आहेत. गावोगाव फिरणाऱ्या कामगाराच्या मुलाचं शिक्षण कुठवर आलं, हे नव्या शाळेला लगेच कळतं. पण २०२३ च्या कायद्यात देशाची सुरक्षा वगैरे कारणांसाठी सरकार आपल्याच एखाद्या खात्याला नियमांतून सूट देऊ शकतं. कंपन्यांवर लक्ष ठेवायचं जे मंडळ, त्याची माणसंही केंद्र सरकारच नेमणार. मला हे तितकंसं पटत नाही. ज्याच्याकडे सर्वांत जास्त घरांच्या किल्ल्या, त्याला नियम सर्वांत कडक हवा. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शाळेत प्रवेश देताना आधारची सक्ती करता येणार नाही. सरकारलाही ‘इथपर्यंतच’ म्हणणारं कुणी असावं लागतं, ते असं.

आणि कायदा कितीही चांगला असला, तरी एका ठिकाणी तो पोचत नाही. माणसाने आपल्या घरगुती कारणासाठी जे केलं, त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे मावशीने कौतुकाने पुढे पाठवलेला फोटो कुठलंच मंडळ अडवणार नाही. तिथे आपणच वॉचमन आणि आपणच स्टिकर.

म्हणून आमच्या वर्गाने आता आपले नियम केले आहेत. फोटो काढण्याआधी ज्याचा त्याला विचारायचं. "नको" म्हणाला तर कारण विचारायचं नाही. फोटोखाली नावं लिहायची नाहीत. ग्रुपवर फक्त सूचना येतील. कौतुकाचे फोटो छापून वर्गाच्या फळ्याशेजारी लावायचे. या वर्षीचं लेझीम तिथेच लावलं आहे. ज्याला पाहायचं त्याने शाळेत यावं. परवा पालकसभेला सगळे तिथेच घोळका करून उभे होते!

तुम्हालाही एक गृहपाठ देते. आज रात्री आईबाबांजवळ बसा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा, कुठल्या ॲपला कशाकशाची परवानगी दिली आहे. टॉर्चच्या ॲपला तुमच्या घरातल्यांचे फोन नंबर कशाला हवेत? गेमला तुम्ही कुठे आहात हे कशाला हवं? नको असेल ती परवानगी बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे.

राहता राहिली ती मुलगी. दाखला नेल्यावर महिन्याभराने पोर्टलवर नव्या शाळेची विनंती आली. आमच्या मुख्याध्यापकांनी ती मंजूर केली. मला बोलावून म्हणाले, "बाई, तुमची विद्यार्थिनी शाळेत बसली बरं का. कुठे ते पाहायचंय?"

पाहायचं होतं हो. फार पाहायचं होतं. पण मी म्हटलं, "नको सर. शाळेत जाते आहे ना, एवढं पुरे."